देहरादूनची संस्था आणि आपल्याकडचे लाकूड

बुलढाणा जिल्ह्यातील सुतार, आरागिरणीवाले आणि लाकूड व्यापारी यांच्या हाती जाणाऱ्या या स्मरणिकेत थेट हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या एका संस्थेचा इतिहास कशाला, असे कोणीही विचारील. याचे उत्तर आपल्याच दुकानांत उभे आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठेही जा, चौकटीसाठी सागाचा भाव विचारून गिऱ्हाईक मागे फिरते आणि शेवटी पाइनच्या पट्ट्यांपाशी येऊन थांबते. हे लाकूड आपल्या मातीतले नाही. ते कसे वाळते, वाकडे का होते, उधळी लागू नये म्हणून दिलेले औषध त्यात किती खोल जाते, हे आपल्या आजोबांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. या प्रश्नांवर आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या काम झाले ते देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत. आज बाजारात 'सिझनिंग केलेले', 'ट्रीटमेंट केलेले' असे शब्द आपण सहज वापरतो. त्यांना आपल्या देशी लाकडांपुरता नेमका अर्थ या संस्थेने दिला, म्हणून तिचा इतिहास आपण वाचलाच पाहिजे.

या कथेची सुरुवात रेल्वेपासून होते आणि ती रेल्वे आपल्या जिल्ह्यातूनच गेलेली आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा भुसावळ ते नागपूर मार्ग 1867 साली पुरा झाला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने त्यावरचीच. वऱ्हाडचा कापूस मुंबईला लवकर पोचावा म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत फाटा टाकला गेला आणि 1870 च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले व त्यांनी तो सुरू केला. रुळांखाली लागतात स्लीपर. साग, साल आणि देवदार ही तीन लाकडे त्या कामी टिकत, पण सगळ्या देशाला पुरतील एवढी ती जंगलात नव्हती. बाकीची लाकडे पावसात कुजत आणि उधळी ती पोखरून टाकी. त्या काळात बाल्टिक समुद्राकाठच्या पाइनचे, इंग्लंडात क्रिओसोट हे तेल पाजलेले स्लीपर जहाजाने हिंदुस्थानात आणावे लागत होते. ज्या देशात हिमालयभर चीड व कैल हे देशी पाइन, फर आणि स्प्रूस यांची रांगच्या रांग उभी, त्याने पाइनचे स्लीपर सातासमुद्रापलीकडून आणावेत, यात काहीतरी चुकते आहे हे वनखात्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

जर्मन वनशास्त्रज्ञ डिट्रिश ब्रँडिस यांच्या प्रयत्नांतून 1878 साली देहरादूनला वनशाळा निघाली. तिथे रेंजर तयार होत. संशोधन मात्र इकडे तिकडे, ज्याच्या त्याच्या हौसेवर चाले. 1906 साली त्याच गावी इंपीरियल फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि झाडे वाढवण्यापासून त्यांच्या लाकडाचा उपयोग करण्यापर्यंतचे प्रश्न एका छपराखाली आले. लाकडाच्या उपयोगाचे खाते ज्याच्याकडे असे त्या अधिकाऱ्याला 'फॉरेस्ट इकॉनॉमिस्ट' म्हणत. आर. एस. ट्रूप हे त्या जागेवरचे पहिले. त्यांच्यामागून आलेल्या आर. एस. पिअर्सन यांनी स्लीपरचा प्रश्न हाती घेतला. निरनिराळ्या देशी लाकडांना औषधे देऊन त्यांचे स्लीपर चालू रेल्वेमार्गावर टाकायचे आणि ते किती वर्षे तग धरतात ते बघायचे, ही त्यांची पद्धत. 1912 साली त्यांनी हिंदुस्थानातील लाकडाच्या औषधोपचारावर, विशेषतः रेल्वे स्लीपरवर, एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतल्या निकालावर विश्वास न ठेवता लाकूड प्रत्यक्ष ऊन, पाऊस आणि किडीच्या हवाली करून पाहण्याची शिस्त संस्थेला तिथून लागली. पुढे 1920 च्या दशकात पंजाबात धिलवान येथे रेल्वेने क्रिओसोट देण्याचा मोठा कारखाना घातला आणि हिमालयातले पाइन व देवदारचे स्लीपर तिथे दाबाखाली तेल पिऊ लागले. पिअर्सन नंतर इंग्लंडातल्या प्रिन्सेस रिसबरो येथील लाकूड प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. देहरादूनचा अनुभव विलायतेला उपयोगी पडला, असा हा उलटा प्रवास आहे आणि तो आवर्जून सांगण्यासारखा आहे.

संस्थेची आजची भव्य इमारत 7 नोव्हेंबर 1929 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुली झाली. सी. जी. ब्लोमफिल्ड या वास्तुविशारदाने ती बांधली. आधीची चांदबागची जागा पुढे दून स्कूलला गेली. इमारतीतल्या लाकूड संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या देवदाराचा आडवा छेद ठेवलेला आहे आणि पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. सुतारकाम करणाऱ्याने मात्र तो छेद जवळून पाहावा. वर्षवलयात एक फिकट पट्टा आणि एक गडद रेषा असते. फिकट भाग वसंतात, झाड जोमात असताना तयार होतो, गडद भाग वाढ मंदावल्यावर. औषध लाकडात कसे शिरते आणि कुठे अडते, हे समजायला या दोन रंगांपासूनच सुरुवात करावी लागते.

पाइन, देवदार, फर, स्प्रूस ही सुईसारख्या पानांची झाडे. सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडात उघड्या डोळ्यांना दिसतील अशा छिद्रांच्या लांब नळ्या असतात. या झाडांत तशा नळ्या नसतात. त्यांचे जवळजवळ सगळे लाकूड तीन-चार मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांनी बंद असलेल्या बारीक पेशींचे बनलेले असते. एका पेशीतून दुसरीत पाणी जायचे तर पेशींच्या भिंतींत असलेल्या खिडक्यांतूनच जावे लागते. प्रत्येक खिडकीत जाळीवर टांगलेली एक चकती असते. झाड जिवंत आणि ओले असते तेव्हा चकती मध्ये तरंगते व जाळीतून पाणी इकडून तिकडे जाते. पण लाकूड वाळायला लागले की पाण्याची कड मागे सरकताना चकतीला ओढून भिंतीशी चिकटवते. विहिरीवरच्या मोटारीच्या फुटव्हॉल्वसारखी ती एका बाजूला घट्ट बसते आणि खिडकी बंद होते. एकदा बसलेली चकती पुन्हा सहजासहजी उघडत नाही.

इथे सगळी अडचण एकवटली आहे. लाकूड ओले असले तर पेशी पाण्याने भरलेल्या, औषधाला जागाच नाही. म्हणून ते वाळवायला हवे. आणि वाळवले की औषध ज्या वाटेने जायचे तीच वाट लाकूड स्वतःहून बंद करते. प्रयोगशाळेत हे सिद्धही करता येते. ओल्या लाकडातले पाणी काढून त्याजागी अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन भरले आणि मग वाळवले, तर चकत्या बऱ्याचशा उघड्या राहतात, कारण त्या द्रवांची ओढ पाण्यापेक्षा कमी. बाजारात असे लाकूड परवडणार नाही, पण कारण नेमके काय ते यातून कळते. गडद रेषेतल्या पेशी जाड भिंतींच्या असतात आणि त्यांच्या खिडक्यांतल्या चकत्या ताठर असल्याने तेवढ्या सहज बसत नाहीत. म्हणून औषध दिलेली पाइनची फळी कापून पाहिली तर पुष्कळदा गडद रेषाच जास्त औषध प्यालेल्या दिसतात आणि फिकट पट्टा कोराच राहिलेला असतो.

झाडाझाडांतला फरक इथेच पडतो. पाइनच्या बाहेरच्या कच्च्या लाकडात सालीकडून गाभ्याकडे जाणाऱ्या आडव्या पेशींच्या वाटा वाळल्यावरही मोकळ्या राहतात, म्हणून ते औषध भराभर पिते. स्प्रूस आणि फर यांत ती सोय नाही, आणि तीही मऊच असली तरी औषध नाकारतात. गाभ्याच्या लाकडात तर खिडक्या बंदही असतात आणि झाडाने सोडलेल्या राळेसारख्या द्रव्यांनी लिंपलेल्याही असतात. देवदाराचा गाभा औषध घेत नाही, पण त्याचे अडत नाही, कारण तो मुळातच टिकाऊ. चिडाचे तसे नाही.

म्हणून वाळवण आणि औषध ही दोन वेगळी खाती नाहीत, हे देहरादूनच्या कामाचे खरे सार, असे मला वाटते. संस्थेत दोन्हींच्या शाखा शेजारी शेजारी होत्या. एकीच्या कामात दुसरीचा निकाल लपलेला असतो, हे तिथल्या मंडळींनी ओळखले होते. आपल्याकडे मात्र अजूनही वाळवण हे आरागिरणीवाल्याचे आणि औषध हे रंगवाल्याचे काम समजले जाते. आपले नुकसान होते ते इथेच.

वाळवण्याच्या शाखेत एस. एन. कपूर यांनी फार मोठे काम केले. भारतीय लाकडांच्या वाळवणीवरचा त्यांचा इंग्रजी मार्गदर्शक ग्रंथ 1934 साली निघाला. कोणत्या लाकडाला भट्टीत कोणत्या टप्प्यावर किती उष्णता आणि किती दमट हवा द्यायची, याची कोष्टके संस्थेने लाकूडवार बसवली. लाकडातला ओलावा सुमारे 30 टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत फळी आकसत नाही, कारण तोवर जाते ते पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी. त्याखाली पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि फळी आकसायला लागते, तीही सगळीकडून सारखी नाही. वर्षवलयांच्या कडेने ती जवळपास दुप्पट आकसते, गाभ्याच्या दिशेने कमी. फळीचा काठ वर उचलला जातो तो याच फरकामुळे. चिडाच्या बाबतीत यात आणखी एक भर असते. त्याच्या तंतूंना उभाच पीळ असतो. अशी फळी थप्पीत वजनाखाली दाबून वाळवली नाही तर ती पंख्याच्या पात्यासारखी फिरते आणि मग तिला रंधा मारून सरळ करता येत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या हवेत ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची. घाटाखाली, मलकापूर-शेगावच्या पट्ट्यात, मे महिन्यात पारा 40 च्या वर आणि हवा कोरडी. त्या वाऱ्यात उघडी टाकलेली ओली फळी वरून झपाट्याने सुकते आणि आतून ओलीच राहते. वरचा थर आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही. मग पृष्ठभागावर चिरा जातात किंवा वरचा थर ताणलेल्या स्थितीतच कडक होऊन बसतो. हे दोष ओळखायची देहरादूनला वापरात असलेली एक साधी परीक्षा आहे, ती कुठल्याही कारखान्यात करता येते. फळीच्या टोकापासून जरा आत एक आडवा तुकडा कापायचा आणि करवतीने मधला भाग काढून त्याला काट्यासारख्या दोन दांड्या ठेवायच्या. दांड्या सरळ राहिल्या तर फळी नीट वाळली. दांड्या एकमेकींकडे आत वळल्या तर बाहेरचा थर ताणलेल्या स्थितीतच कडक झालेला आहे आणि ती फळी चिरली की करवतीखाली वाकडी होणार. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. ताजे चिरलेले पाइन वा चीड एकमेकांवर चिकटवून ठेवले की काही दिवसांतच त्यावर निळसर काळा डाग चढतो. ही बुरशी लाकडाची ताकद फारशी घटवत नाही, पण भाव पाडते. उपाय जुनाच आहे. चिरल्या दिवशी डागरोधक द्रावणात बुडवायचे, थराथरांत सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या एका ओळीत घालायच्या, टोकांना मेण किंवा डांबर लावायचे आणि वर छप्पर द्यायचे.

वाळवणीच्या बाबतीत आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखाला सर्वांत उपयोगी पडावे असे एक काम संस्थेत रहमान आणि चावला यांनी 1961 च्या सुमारास केले. कोळसा किंवा वीज जाळून भट्टी तापवण्याऐवजी उन्हानेच तापणारी भट्टी. पारदर्शक भिंतींची खोली, आत काळा रंग दिलेला पत्रा, हवा फिरवायला पंखे. पुढच्या दशकात संस्थेने तिची सुधारित घडण तयार केली. उघड्यावर वाळवण्यापेक्षा वेळ कमी लागतो आणि दमटपणा आपल्या हाती राहिल्याने लाकूड चिरत नाही. बुलढाण्यात ऊन आहे, जागा आहे, पाइनची उलाढाल आहे. एखाद्या मोठ्या आरागिरणीच्या आवारात अशी भट्टी उभी राहायला खरे तर काही अडचण नाही.

आता औषधाकडे येऊ. क्रिओसोट स्लीपरला ठीक, घराला नाही. वास, काळा रंग आणि वर रंग न चढणे. पाण्यात विरघळणारे क्षार स्वच्छ, पण पावसाने धुऊन जातात. ही कोंडी सोडवली सोंती कामेसन या देहरादूनच्या रसायनशास्त्रज्ञाने. 1933 साली त्यांनी तयार केलेल्या मिश्रणात आर्सेनिक पेंटॉक्साइड 1 भाग, मोरचूद 3 भाग आणि सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट 4 भाग होते. मोरचुदातले तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किडीला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीलाही. तिसऱ्याचे काम वेगळे. डायक्रोमेट लाकडातल्याच द्रव्यांशी प्रक्रिया करून स्वतःचे रूप बदलते आणि जाताजाता तांबे व आर्सेनिक यांना न विरघळणाऱ्या स्वरूपात पेशींच्या भिंतीत बांधून टाकते. पाण्यातून आत गेलेले औषध मग पाण्याने बाहेर येत नाही. तांबे आणि आर्सेनिक यांच्या रासायनिक चिन्हांवरून या मिश्रणाला 'अ‍ॅस्कू' नाव मिळाले. 1934 साली त्याचे ब्रिटिश आणि 1938 साली अमेरिकन पेटंट झाले. अमेरिकेत टेलिफोनच्या खांबांना ते वापरले गेले आणि पुढे सीसीए या नावाने जगभर पसरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातल्या असंख्य बागांची कुंपणे, खांब, अंगणातले लाकडी ओटे हिरवट दिसत, ती हिरवट छटा देहरादूनच्या प्रयोगशाळेतून गेलेली. आपल्या देशातल्या शास्त्रज्ञाने लावलेले आणि सगळ्या जगाच्या घरबांधणीत शिरलेले असे शोध थोडेच आहेत. कामेसन यांचे नाव आपल्या सुतारांच्या पोरांना शाळेत ऐकू येत नाही, याची खंत वाटते.

औषध उत्तम असून भागत नाही, ते आत गेले पाहिजे. बंद लोखंडी नळकांड्यात लाकूड भरायचे, आधी पंपाने आतली हवा ओढून सुमारे 56 सेंटिमीटर पाऱ्याइतकी निर्वात स्थिती अर्धा तास ठेवायची, मग द्रावण सोडायचे आणि लाकडाच्या जातीप्रमाणे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन ते साडेबारा किलोपर्यंत दाब द्यायचा. पाइनचे कच्चे लाकूड एवढ्याने भरते. फर आणि स्प्रूस भरत नाही. त्यांच्यासाठी फळीवर दातेरी रूळ फिरवून सुमारे दोन सेंटिमीटर खोल, तंतूंच्या दिशेने बारीक चिरा पाडण्याची पद्धत आली. लाकडात औषध आडवे जितके जाते त्याच्या कितीतरी पट वेगाने तंतूंच्या दिशेने धावते. म्हणून प्रत्येक चिरेतून ते पुढे-मागे पसरते आणि चिरेच्या खोलीएवढा अखंड थर औषधाने भरून निघतो. ताकद थोडी कमी होते, पण स्लीपर आणि खांबांना ती परवडते.

दुसरी वाट पाण्याची. आपल्याकडे बांबू आणि बल्ल्या नदीत किंवा नाल्याच्या डोहात भिजत घालण्याची रीत जुनी आहे, आणि भिजवलेल्या बांबूला भुंगा कमी लागतो हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक असते, कारण त्यातली साखर-पिष्ट निघून जाते. पाइनच्या ओंडक्यांवर अशा भिजण्याचा आणखी एक परिणाम होतो, हे 1959 साली एलवुड आणि एक्लंड या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. डबक्यात साठवलेल्या पाइनच्या बाहेरच्या लाकडात जीवाणू शिरतात आणि खिडक्यांतली जाळी खातात. पेशींच्या जाड भिंती त्यांना पचत नाहीत, त्यामुळे ताकद फारशी जात नाही, पण लाकूड मोकळे होते. सुकवल्यावर ते औषध कितीतरी जास्त पिते, कधीकधी नको तेवढे आणि ठिकठिकाणी असमान. हा असमानपणा काबूत आणण्यासाठी स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेत फ्रान्सिस श्वार्झे यांनी फिजिस्पोरिनस विट्रिअस नावाची एक निवडक बुरशी वापरली. फर-स्प्रूसच्या गाभ्यात ती काही आठवडे वाढू द्यायची, खिडक्या उघडल्या की उष्णतेने मारून टाकायची. वाफ देऊन, सूक्ष्मलहरींनी आतले पाणी उकळवूनही वाटा मोकळ्या करण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत. पण माझे मत असे की आपल्या लहान कारखान्यांना उपयोगी पडेल ती तिसरीच वाट.

ती वाट अशी की लाकूड वाळवण्याआधीच औषध द्यायचे. बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्स साधारण 1 ला दीड या प्रमाणात पाण्यात विरघळवले की त्यात ताजी चिरलेली, ओलीचिंब फळी बुडवायची. बाहेर काढून पट्ट्या न घालता घट्ट थप्पी लावायची आणि प्लास्टिकने काही आठवडे झाकून ठेवायची. बोरॉनचे रेणू लाकडातल्याच पाण्यातून आपोआप आत सरकत जातात. चकत्या अजून उघड्याच असतात, आणि बंद असत्या तरी या मार्गाने औषधाला मोठी खिडकी लागत नाही. मग प्लास्टिक काढून पट्ट्या घालून वाळवायचे. नळकांडे नको, पंप नको. मर्यादा एकच, बोरॉन पावसाने धुऊन जाते. म्हणून छपराखालचे दार, खिडकी, वासे यांना चालेल, कुंपणाच्या खांबाला नाही.

कोणते औषध किती दिवस टिकते याचा निकाल देहरादूनला पिअर्सन यांच्या शिस्तीने आजही मातीतच लागतो. लाकडाच्या खुंट्या उधळीच्या जमिनीत रोवायच्या आणि ठरावीक काळाने उपटून तपासायच्या. 120 महिने किंवा त्याहून अधिक टिकले तर पहिला वर्ग, 60 ते 120 मध्ये दुसरा, 60 पेक्षा कमी तो तिसरा. साग पहिल्यात, चीड तिसऱ्यात. लाकूड औषध सहज घेते, कष्टाने घेते की घेतच नाही, याचीही वेगळी प्रतवारी आहे. स्वातंत्र्यानंतर ए. पुरुषोत्तम यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी औषधाची शाखा सांभाळली आणि संस्थेच्या निकालांच्या आधारे भारतीय मानके बनली. आयएस 401 औषधोपचारासाठी 1954 मध्ये, आयएस 1141 वाळवणीसाठी 1958 मध्ये. सरकारी कामाच्या निविदेत आजही याच आकड्यांचा हवाला असतो.

आपल्या जंगलाशी संस्थेचा संबंध आला तो सालईमुळे. संग्रामपूर तालुक्यातल्या अंबाबरवापासून मेळघाटापर्यंत सातपुड्याच्या उघड्या, खडकाळ माथ्यांवर सालई उभी असते. डिंकाला मागणी, लाकडाला नाही. सालईचे लाकूड मऊ असले तरी झाड रुंद पानांचे, त्यामुळे त्यात नळ्या असतात आणि पाइनची खिडकीची अडचण तिला तेवढी नाही. तिचे दुखणे निराळे. तोडल्यापासून दिवस गेले की निळा डाग, मग भुंगा, मग कूज. तोड झाल्याबरोबर चिरणे आणि वाळवणे हाच इलाज, आणि खोकी-पेट्यांसाठी ती तशी वापरली गेली. देहरादूनच्या कागद शाखेने सालईच्या लगद्यावरही काम केले. आपल्या उत्तरेला, बुऱ्हाणपूरजवळ नेपानगरला वृत्तपत्रकागदाचा कारखाना उभा राहिला तो सालई आणि बांबूच्या भरवशावर. 1956 साली पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. 1986 मध्ये देशातल्या वन संशोधनासाठी भारतीय वानिकी संशोधन आणि शिक्षा परिषद निर्माण झाली, देहरादूनची संस्था तिच्यात आली आणि 1988 मध्ये जबलपूरला उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था सुरू होऊन महाराष्ट्राची जंगले तिच्या कार्यक्षेत्रात गेली.

सीसीएच्या वाट्याला मात्र पुढे वाईट दिवस आले. आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद झाले, युरोपनेही बंधने घातली. लाकडात बांधलेले औषध फारसे सुटत नाही हे खरे, पण असे लाकूड जाळले की आर्सेनिक धुरात आणि राखेत येते. जुन्या हिरवट खांबांचे तुकडे चुलीत घालू नयेत, हे आपल्या सगळ्यांच्या घरी सांगण्याची गरज आहे. देहरादूनने स्वतःच्या शोधाला पर्याय शोधायचे कामही स्वतःच केले. जस्त, बोरॉन आणि तांबे यांच्या आर्सेनिकविरहित मिश्रणावर तिथे संशोधन झाले.

आणि आपल्या दुकानातले पाइन? 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर कडक निर्बंध आणल्यावर बाहेरच्या लाकडाची आयात वाढली. न्यूझीलंडचे रेडिएटा पाइन ओंडक्यांच्या रूपाने कांडला बंदरात उतरते, गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले जाते आणि ट्रकने आपल्यापर्यंत येते. या पाइनचे बाहेरचे लाकूड जगातल्या सर्वांत सहज औषध पिणाऱ्या लाकडांपैकी एक आहे, आणि न्यूझीलंडमध्ये घराच्या सांगाड्यासाठी ते औषध दिल्याखेरीज वापरत नाहीत. आपल्याकडे ओंडका येतो तो धुरी देऊन. धुरीने आतली कीड मरते, पुढची येण्याला काही अटकाव होत नाही. हेच औद्योगिक वसाहतींतून स्वस्तात मिळणाऱ्या पॅलेटच्या फळ्यांचे. त्यांवर 'एचटी' शिक्का असतो. त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशाला अर्धा तास तापवले, इतकाच. 'एमबी' शिक्का म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, आणि त्या फळ्या घरातल्या सामानाला वापरूच नयेत. दोन्ही शिक्क्यांना 'ट्रीटमेंट' म्हणून विकले जाते आणि दुसऱ्या पावसाळ्यात चौकटीच्या पायाशी उधळीची माती दिसते.

तांब्याचे औषध दिलेल्या लाकडाची खात्री करायची असेल तर टोकापासून फूटभर आत कापावे आणि ताज्या छेदावर क्रोम अझुरोलचे द्रावण फवारावे. तांबे जिथवर पोचले तिथवर छेद गडद निळा होतो, कोरा भाग नारिंगी-तांबूस राहतो. ब्रशने मारलेले औषध असेल तर निळी कड नखाएवढीही जाड नसते. कापलेल्या टोकांना, खाचांना आणि खिळ्याच्या भोकांना पुन्हा औषध लावणे आयएस 401 ला अपेक्षित आहे, कारण रंधा आणि पटाशी चालली की औषधाचा थर तिथे तुटतो. चौकट सगळे मोजमाप, चिराई, खाचा आणि भोके आटोपल्यावरच औषधाला पाठवावी, हा क्रम देहरादूनने घालून दिलेला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती कारखान्यांत तो उलटा चालतो, ते प्रत्येकाने आपल्या आवारात पाहावे आणि येत्या हंगामापासून बदलावे.